पुढचं माप, मागचं माप

लिव्हर काही निघेना.

निकमांनी आधी एका हाताने ओढून पाहिला, मग दोन्ही हातांनी, मग डावा पाय समोर टेकवून. गिअरच्या शेजारचा तो दुसरा, आखूड लिव्हर. तो टाकला की आमच्या जुन्या जीपची चारही चाकं जोर लावायची, काढला की फक्त मागची दोन. गावामागचा चढ चढायला तो टाकलाच पाहिजे. चढून वर सड्यावर आलो, सपाट काळ्या कातळावर, आणि तिथे गाडीने नेहमीचे रंग दाखवायला सुरुवात केली. वळवायला गेलं की स्टेअरिंग जड. पुढची चाकं मान धरल्यासारखी अडायची, मग धक्का देऊन पुढे जायची. खालून गरम तेलाचा वास.

"वहिनी, हे असं नेहमी होतं का?" निकमांनी विचारलं. सड्याच्या टोकाला त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या आणि तिथवर लोकांना आणायला त्यांना गाडी हवी होती.

"नेहमी नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की व्हायचं.

मागच्या बाकावरून माझ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जरा मागं घ्या. सरळ, धा-बारा फूट. निघंल."

निकमांनी मागं घेतली. खाली कुठेतरी ठप्प असा आवाज झाला, आणि लिव्हर बोटाने काढावा तसा निघाला.

निकम उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात फिरवला. "गाडी देखणी आहे," ते म्हणाले. "पण पाहुणे बसलेत आणि गाडी अशी अडून बसली, तर मी त्यांना काय सांगू?"

हे आमचं तिसरं गिऱ्हाईक.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. जीप माझ्या सासऱ्यांची, तात्या घाडग्यांची. पाटबंधारे खात्यात ते ड्रायव्हर होते, नोकरीत असतानाच लिलावात त्यांनी ती घेतली आणि मरेपर्यंत तिच्यावर जीव टाकला. आदल्या फेब्रुवारीत ते गेले. घाटात गाडी चालवता चालवता छातीत कळ आली, गाडी बाजूला घेतली, आणि संपलं. शेजारच्या सीटवर आत्ती होत्या. आत्ती म्हणजे सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात.

माझे मालक, सुधाकर, पुण्याला कंपनीत. महिन्यातून एकदा यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "वनिता, ती जीप काढून टाक. उभ्या उभ्या गंजायला लागलीय." उभी ती नव्हती. मी माहेरी भावाबरोबर ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्ही शिकले होते, त्यामुळे बाजाराच्या दिवशी मीच जीप खाली न्यायची. मी ब्लाऊज शिवायची. अस्तर, दोरा, हुक आणायला जावंच लागायचं. पण गाडी जावी असं मलाही वाटत होतं. ती उभी राहायची त्या जागेवर पत्रा टाकून मला शिवणाचा वर्ग काढायचा होता. सहा मशिनी कुठे कुठे बसतील, तेसुद्धा मी अंगणात काठीने आखून पाहिलं होतं.

निकम गेल्यावर मी गाडी इकबाल मिस्त्रीकडे नेली. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी त्याने सगळीकडचं तेल बदललं होतं. या वेळी तो दुपारभर गाडीखाली होता. लांब शाफ्टचे सांधे हलवून पाहिले, पुढच्या चाकांचे हब उघडले, बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं. मग चारही चाकांवर टाकून आपल्या आवारात पाच फेऱ्या मारल्या. इकडे वळव, तिकडे वळव. लिव्हर दर वेळी लोण्यातून सुरी निघावी तसा निघत होता.

"वहिनी, या गाडीत काही नाही," तो हात पुसत म्हणाला.

"मग सड्यावर काय होतं?"

"ते सड्याला विचारा. नजर लागली असेल. लिंबू-मिरची बांधा."

"तुम्ही मिस्त्री आहात की भगत?"

"दोन्ही करतो. लिंबाचे पैसे घेत नाही."

आत्ती डाव्या सीटवरून उतरल्याच नव्हत्या. इकबालच्या बोलण्यावर त्या पदराआड हसल्या, तेवढंच. त्या दरवेळी माझ्याबरोबर यायच्या. बाजाराला, मिस्त्रीकडे, दळणाला. रस्त्याकडे कधी बघायच्या नाहीत. बघायच्या माझ्या पायांकडे. मी क्लच दाबला की त्यांची नजर खाली, ब्रेक दाबला की खाली. मला वाटायचं, तात्यांची गाडी सून कशी वापरते यावर पहारा आहे. एकदा चिडून मी म्हणाले होते, "आत्ती, क्लचवर पाय ठेवून नाही चालवत मी." तर त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. बघत्ये नुसतं."

त्या संध्याकाळी मी मशीनवर बसले होते आणि डोक्यात जीप होती. ब्लाऊज बसत नाही असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आधी विचारते, कधी बसत नाही? हात वर केल्यावर, की श्वास घेतल्यावर? तसंच मी जीपला विचारायला लागले. दोन चाकांवर त्रास होतो? कधीच नाही. चार चाकांवर? होतो. इकबालच्या आवारात? नाही. सड्यावर? दर वेळी. मग इकबालच्या आवारात आणि सड्यात फरक काय?

माती. त्याच्या आवारात माती होती, वर कातळ.

मातीत चाक थोडं घसरलं तरी चालतं. कातळावर घसरायला जागा नसते. म्हणजे कुठलंतरी चाक घसरू पाहत होतं आणि कातळ त्याला घसरू देत नव्हता. पण त्याने घसरावंच का? चौघं बरोबर चालत असतील तर घसरायचं कारण काय?

समोर ब्लाऊजची बाजू होती. शिकाऊ मुली एक चूक हमखास करतात. पुढची बाजू अर्धा इंच मोठी कापतात आणि मागच्या बाजूला जोडतात. दोन्ही कडा एकाच शिवणीत धरलेल्या, मग जास्तीचं कापड जाणार कुठे? चुणी पडते, शिवण ओढली जाते.

मी टेप घेतली आणि अंगणात गेले. ऊन अजून होतं. जॅक लावून एकेक चाक जमिनीवरून उचललं. माझी टेप साठ इंची, म्हणून टायरभोवती आधी सुतळी गुंडाळली, गाठ मारली, मग ती सुतळी टेपवर धरली. पुढचं डावं चाक अठ्ठ्याऐंशी इंच. पुढचं उजवं अठ्ठ्याऐंशी. मागचं डावं एक्क्याण्णव. माझं चुकलं असेल म्हणून परत मोजलं. एक्क्याण्णव. मागचं उजवंही तेवढंच. तीन इंचांचा फरक, आणि चारही चाकं एकाच शिवणीत धरलेली.

नुसतं बघून कळलं नसतं. चारही टायर सारखेच काळे, सारखेच चिखलाने माखलेले. मागच्या टायरांवरचा चिखल मी पाण्याने धुतला, तेव्हा दिसलं की त्यांच्यावर नव्याने रबर चढवलेलं आहे आणि त्यांच्या कडेवरचे आकडेही वेगळे आहेत. तात्यांनी चारही टायर एकदम घेतले होते, मला चांगलं आठवत होतं. मग हे दोन आले कुठून?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच खाली गेले. आत्तींना म्हणाले, "तुम्ही पावटा सोला, मी दोरा घेऊन येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सूप पुढे ओढलं.

बाजारात शिरताना थॉमसचं टायरचं दुकान आहे. केरळहून तरुणपणी आला, इथेच राहिला. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतो. मी मागच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे तुमच्याकडचे का?"

तो गोंधळला. हवेची नळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आजींनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय?"

"दिवाळीनंतर तुम्ही गाडी हवेसाठी इथे ठेवून कापडाच्या दुकानात गेला होता. आजी गाडीतच होत्या. म्हणाल्या, थॉमस, मागचे दोन काढ आणि थोडे मोठे घाल. मी म्हटलं, आजी, या गाडीला चारही सारखे लागतात, चार चाकांवर टाकली तर अडकेल. त्या म्हणाल्या, म्हणून तर सांगते." त्याने दुकानामागे हात केला. "जुने ठेवलेत. आजींच्या नावाने."

दुकानामागे आमचे दोन टायर होते, एकावर एक, वर गोणपाट घातलेलं.

घाट चढेपर्यंत मी आत्तींना सुनवायची वाक्यं जुळवत होते. तीन महिने. दोनदा मिस्त्री. तीन गिऱ्हाइकं. माझ्या सहा मशिनी. तात्यांच्या आठवणीसाठी गाडी ठेवायची होती तर तोंडाने सांगायचं. आम्ही काय राक्षस होतो?

आत्ती पडवीत बसल्या होत्या. पावट्याच्या शेंगांचा ढीग एकीकडे, सोललेले दाणे सुपात. मी चप्पल न काढताच म्हणाले, "थॉमसकडे जाऊन आले."

त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली. "मोजलंस व्हय काल? सुतळी दिसली मला."

"का केलंत, आत्ती?"

"बस."

"नाही बसत. गाडी विकायची नव्हती तर ह्यांना सांगायचं होतं. तुमची गाडी आहे, कोण नाही म्हणालं असतं?"

"इका की. मी कुठं नको म्हणत्ये? पर येवढ्यात नको हुती."

"म्हणजे?"

त्या सुपातले दाणे उगाच चाळवत राहिल्या. "त्येंनी पूर्वी एकदा चुकून असंच टायर घातलं हुतं. आठ दिवस गाडीला शिव्या देत हिंडत हुतं. मी बाजूला बसलेली. तवा कळलं मला. तीस वरसं त्या सीटवर बसल्ये मी, वनिता. गाडीचं काय दुखतंय ते मला बसल्याजागी कळतं. कुठला नट सैल झाला त्येबी कळतं. येक चालवायची तेवढी येत न्हाई."

मी बसले.

"त्येंनी कवा शिकवली न्हाई. मीबी कवा म्हटलं न्हाई. बायकांनी कशाला, आसं दोघांनाबी वाटायचं." त्यांनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "त्या दिशी काय झालं ते मी तुमाला नीट सांगिटलं न्हाई. कळ आली, गाडी बाजूला घेतली, आन लगीच गेलं, आसं म्हनले. लगीच न्हाई गेलं."

मी पायातली चप्पल काढून बाजूला सारली.

"बोलत हुते. घाम फुटलेला, छाती धरलेली, पर बोलत हुते. इंजान चालूच हुतं. मला म्हनले, हौसा, येईल कुनीतरी, थांब. मी किल्लीकडं बघत्ये, त्येंच्या पायाकडं बघत्ये. कुठला पाय कुठं दाबायचा, काय ठावं न्हाई. दुपारची येळ, घाटात चिटपाखरू न्हाई. ट्रक आला तवर तासभर गेला. त्या ट्रकातनं दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हनले, जरा आधी आनलं आस्तं तर बघता आलं आस्तं."

पडवीबाहेर जीप उभी होती. दोघीही तिच्याकडे बघत नव्हतो.

"सुधाकरला न्हाई सांगिटलं," आत्ती म्हणाल्या. "काय सांगू? तुझा बाप जाईस्तवर मी शेजारी बसून हुते, आन गाडीबी चांगली चालू हुती?"

"आणि टायर?"

"मला शिकायची हुती. येकदाच. ही गाडी जायच्या आधी. तू चालवतीस तवा बघून बघून शिकंन म्हनलं. पर बघून न्हाई येत गं ते. तुला म्हनायचं तर, अठ्ठावन्न वरसाच्या बाईनं सुनेला काय म्हनायचं? तू इचारलं आस्तंस, का? मग ह्ये सगळं सांगावं लागलं आस्तं."

घाटात जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली, मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मी सूप माझ्याकडे ओढलं आणि उरलेला पावटा दोघींनी मिळून सोलला. मग मी म्हणाले, "उद्या आधी थॉमसकडे जाऊ. टायर नीट घालू. शिकायला गाडी सरळ पाहिजे."

"निकम परत आले तर?"

"येऊ देत. सांगू, चालवून बघायला गाडी मोकळी नाही."

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत आत्तींना सगळी चिन्हं येत होती. तीस वर्षं त्याच रस्त्यांवर बघितलेली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आजी, या वयात हौस?" तर म्हणाल्या, "नावच हौसा हाय साहेब."

सड्यासारखी शिकायची जागा नाही. मैलभर सपाट, आपटायला काही नाही. पहिल्या दिवशी जीप अकरा वेळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लच असा सोडला की जीपने उडी मारली आणि माझं डोकं टपाला लागलं. चरणाऱ्या म्हशी तिथून उठून दुसरीकडे गेल्या. "म्हसरांना समजलं," आत्ती म्हणाल्या. पण एक गोष्ट मी कुठल्याच शिकाऊ माणसात पाहिली नव्हती. त्यांना गिअर ऐकू यायचा. इंजिन जरा कण्हलं की मी सांगायच्या आत हात खाली गेलेला असायचा. एकदा चढावर थांबून म्हणाल्या, "पुढचं उजवं चाक गरम झालंय." मी उतरून हात लावला. खरंच होतं. इकबालने घट्ट केलेलं बेअरिंग जास्तच घट्ट बसलं होतं. तो दुसऱ्या दिवशी स्वतः पाना घेऊन आला, ते थोडं सैल केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, आजींना सांगा, माझ्याकडे या कामाला."

चार चाकांवर टाकून त्यांनी सड्यावर आठाचा आकडा काढला, तेव्हा मीच लिव्हर ओढून पाहिला. सहज निघाला.

मालकांना मी फोनवर सांगितलं, "गाडी विकायची नाही."

"का? दोष सापडला?"

"सापडला. टायरांचं माप चुकलेलं होतं."

"मग तुझा शिवणाचा वर्ग?"

"पडवीत काढीन. चारच मशिनी बसतील." ते पुढे काही विचारणार होते, तर मी म्हणाले, "बाकीचं आत्ती सांगतील. तुम्ही घरी आलात की. त्यांना वेळ द्या." आत्तींनी सांगितलं, पण ते बरंच नंतर, आणि ती मायलेकरांची गोष्ट, मी तेव्हा आत चहा करत होते आणि मुद्दाम उशीर लावला.

पक्कं लायसन्स मार्चमध्ये आलं. ते हातात पडल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती नवं लुगडं नेसून आल्या आणि म्हणाल्या, "चल, खाली जाऊन येऊ."

"कशाला?"

"आसंच."

घाटात त्या छान चालवत होत्या. हॉर्न वळणाआधी, गिअर उताराआधी. सातव्या वळणानंतर आंब्याची दोन झाडं आहेत, तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. तात्यांची गाडी थांबली होती ती हीच जागा. समोर दरी होती, खाली नदी, पलीकडच्या डोंगरावर कुणीतरी वणवा लावलेला. आत्तींचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "घड्याळ घातलंयस न्हवं? किती वाजलं?"

"नऊ छप्पन्न."

त्यांनी किल्ली फिरवली.

तिथून दवाखाना अकरा किलोमीटर. त्या ना जोरात गेल्या ना हळू, रोजच्यासारख्या गेल्या. बाजारातून जाताना थॉमसने हात केला, त्यांनी मान हलवली. दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत घेतली, पायऱ्यांसमोर अगदी सरळ उभी केली, हँडब्रेक ओढला.

"आता?"

"दहा बावीस."

त्यांनी बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. "सव्वीस मिन्टं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "आन मी काय लई जोरात आल्ये न्हाई."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पदराने त्यांनी एकदा डोळे पुसले, मग त्याच पदराने स्टेअरिंग पुसलं.

तेवढ्यात वॉचमन काठी वाजवत आला. मला बघितलं, आत्तींना बघितलं, मागच्या बाकावर वाकून बघितलं. "मावशी, इथं गाडी लावायची नाही, पेशंट येतात. ड्रायव्हर कुठं गेला तुमचा?"

"कुठं जातोय," आत्ती म्हणाल्या आणि गाडी सुरू केली. "हितंच हाय. कुठं लावू, त्येवढं सांग."